नस काढली, तरी दाढ दुखते

"नस त काढी टाकी, मंग दाढ दुखस कशी?" जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, दाताच्या दवाखान्यात हा सवाल अहिराणीत नाहीतर मराठीत येतोच. बहुतेकदा चार-सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेलं असतं. वर कॅप असते, किंवा 'पुढच्या वेळी बसवू' म्हणता म्हणता राहून गेलेली असते. गार-गरम लागत नाही, रात्रीचा ठणका नाही. भाकरीचा कडक पापुद्रा किंवा बिबडीचा तुकडा त्या बाजूला आला, की मात्र दाढ चमकते. कुणाच्या हिरडीवर एक पुळी येते, फुटते, दबते आणि महिन्याभराने पुन्हा येते. कुणाला काहीच होत नाही. शेजारच्या दाताचा एक्स-रे काढताना या मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते, तेवढंच.

सवाल रास्त आहे, आणि उत्तरही सरळ आहे. नस काढली ती दाताच्या आतली. दात हाडात धरून ठेवणारा तंतूंचा पातळ पडदा मुळाबाहेर असतो, त्याच्या नसा शाबूत असतात, आणि सूज तिथे आहे. प्रश्न उरतो तो हा, की आतली पोकळी साफ करून, भरून, बंद केल्यावर बाहेर सूज आणतं कोण. 'जंतू' हे उत्तर अर्धंच आहे. जंतू काय सोडतो, मेल्यावर मागे काय ठेवतो आणि ते कशाने मोडतं, हे पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा केलेलं रूट कॅनालही पहिल्यासारखंच अर्धवट होतं.

कीड खोल जाऊन नस पहिल्यांदा सडते, तेव्हा कॅनालमध्ये, म्हणजे मुळाच्या आतल्या नळीत, हवा नको असणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे भिंतीबाहेर आणखी एक आवरण असलेल्या, जंतूंची गर्दी असते. पॉर्फिरोमोनास, प्रिव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम ही त्यातली नेहमीची नावं. यांच्या बाहेरच्या आवरणातच एक विष असतं, लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी 1892च्या सुमारास, बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना ही कल्पना मांडली: जंतू मेला तरी त्याच्या देहातलं विष काम करत राहतं. जिवंत जंतूही या आवरणाचे बारीक फुगे सोडत असतो. तो फुटला की सगळंच मोकळं होतं.

एकदा भरलेल्या मुळात पुन्हा संसर्ग झाला की वस्ती पालटते. तिथे अन्न कमी, जागा अरुंद, आणि आधीच्या औषधांचा अंश शिल्लक. अशा ठिकाणी तग धरतात ते बहुधा ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे ते बाहेरचं आवरण नसलेले: एन्टेरोकॉकस फिकॅलिस, स्ट्रेप्टोकॉकस, ॲक्टिनोमायसिस. कधी कॅन्डिडा ही बुरशीही सापडते. जुन्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या, अभ्यासांत फिकॅलिस इतक्या वेळा हाती लागला, की सगळा दोष त्याच्याच माथी आला. जनुकीय तपासण्या आल्या तेव्हा कळलं, की दुसऱ्या संसर्गातही अनेक जातींची सरमिसळ असते आणि ग्रॅम-निगेटिव्ह पूर्ण गेलेले नसतात. तेव्हा एकट्या फिकॅलिसला खलनायक ठरवून औषध निवडणं आता जुनं झालं. ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंकडे एलपीएस नसतं, त्यांच्या भिंतीत लायपोटायकॉइक ॲसिड असतं, एलटीए. म्हणून पुन्हा दूषित झालेल्या मुळात दोन्ही विषं मिळतात. एलपीएसचं प्रमाण पहिल्या संसर्गापेक्षा साधारण कमी असतं आणि जोडीला एलटीए असतं.

शरीर ही दोन विषं दोन वेगळ्या दारांनी ओळखतं. एलपीएस पेशीवरच्या टीएलआर-4 या ग्राहकावर बसतं, सीडी-14 आणि एमडी-2 ही प्रथिनं त्याला तिथवर पोचवतात. एलटीए ओळखतो तो टीएलआर-2. टीएलआर-4 आणि एलपीएसचं नातं ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने 1998मध्ये उंदरांवरच्या कामातून दाखवलं, आणि 2011च्या वैद्यकातल्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. दारं वेगळी असली तरी आत गेल्यावर वाट एकच होते. मॅक्रोफेज या पहारेकरी पेशी जाग्या होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-1 बीटा, इंटरल्युकिन-6, प्रोस्टाग्लँडिन ही सूज आणणारी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपतं. मुळाच्या टोकाभोवती चारी बाजूंनी हाड असल्याने सुजेला फैलायला जागा नसते. दात वाटीतून किंचित उचलला जातो आणि चावताना पहिला मार त्यालाच बसतो. 'दात लांब झाल्यासारखा वाटतो' ही तक्रार शब्दशः खरी असते.

हाड मात्र जंतू खात नाही. ते काम आपल्याच पेशींचं. इंटरल्युकिन-1 आणि टीएनएफ यांच्या इशाऱ्यावर आरएएनकेएल नावाचं प्रथिन वाढतं, त्याला आवरणारं ओपीजी कमी पडतं, आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. एका अर्थी शरीर मुळाच्या टोकाशी हाड मागे घेऊन तिथे पहारा बसवतं. एक्स-रेतली काळी सावली म्हणजे हीच रिकामी जागा. साध्या एक्स-रेवर ती उमटायला त्या जागचं तीस ते पन्नास टक्के खनिज जावं लागतं, म्हणून 'एक्स-रेत काही नाही' म्हणजे तिथे काही नाही असं धरून चालत नाही. संशय दाट असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करावा.

एलपीएस दुखण्याला थेटही चिथावतं. जबड्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या तंतूंवरच टीएलआर-4 असतो, त्यामुळे सूज येण्याची वाट न पाहता ती नस हळवी होते. दुखऱ्या दातांच्या कॅनालमध्ये एलपीएसचं प्रमाण जास्त सापडतं, हे निरीक्षण त्याच्याशी जुळतं. एलटीएचा मारा त्या मानाने सौम्य. पुन्हा दूषित झालेल्या मुळांपैकी कितीतरी वर्षानुवर्षं गप्प राहतात, त्याचं एक कारण इथे असावं. गप्प राहिलं म्हणजे बरं झालं, हा समज मात्र दवाखान्यातल्या दोन्ही खुर्च्यांवर बसलेला असतो.

प्रयोगशाळेत एलपीएस मोजतात ते हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या निळसर रक्तापासून केलेल्या रसायनाने. विषाच्या अगदी सूक्ष्म अंशानेही ते गोठतं. याच कुळातला जीव आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. ही चाचणी संशोधनापुरतीच आहे, ती करून घेण्यासाठी कुणी मुंबई-पुण्याकडे पळू नये.

आता चिवटपणा. मुळाची भिंत सलग नाही. तिच्यात आडव्या बारीक नळ्या आहेत, कॅनालच्या बाजूला दर चौरस मिलिमीटरला हजारोंनी, आणि तिथे त्यांचा व्यास साधारण अडीच मायक्रॉन. फिकॅलिस मायक्रॉनभराचा, तो सहज आत शिरतो. विषाचे रेणू त्याहून पुष्कळ लहान, शिवाय ते दाताच्या खनिजाला चिकटून बसतात. टोकाकडच्या तीन मिलिमीटरांत मूळ कॅनालला फाटे फुटलेले असतात, तिथे फाइल, म्हणजे कॅनाल घासायची सुईसारखी बारीक कानस, जात नाही. आणि ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, भरवसा किती धरायचा, तेही पाहू. 121 अंश सेल्सिअसला, पंधरा पौंड दाबाखाली जंतू आणि त्यांचे बीजाणू मरतात, एंडोटॉक्सिन बऱ्यापैकी तसंच राहतं. ते जाळायला 250 अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. म्हणून आधीच्या रुग्णाचा मळ लागलेल्या फाइली घासून, अल्ट्रासोनिक टबमध्ये स्वच्छ न करता थेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या, तर निर्जंतुक झालेली घाण पुढच्या दातात जाते. कॅनाल धुवायला नळाचं किंवा खुर्चीच्या टाकीतलं पाणी नको, साध्या धुण्याला सलाइनच हवं, त्याचंही कारण हेच. पाण्याच्या नळ्यांत ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचा थर असतो.

भरलेल्या मुळात हे सगळं येतं कुठून? काही पहिल्या वेळी राहिलेलं असतं. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या गालाकडच्या मुळात अर्ध्याहून अधिक वेळा दुसरा कॅनाल असतो, आणि तो सुटला तर तिथली वस्ती जशीच्या तशी राहते. बरंच काही मात्र वरून झिरपतं. गुटा-पर्चा हा रबरासारखा भराव आणि तो चिकटवणारा सीलर यांनी भरलेला कॅनाल तोंडाच्या बाजूने उघडा पडला, तर लाळेतले जंतू काही आठवड्यांत टोकापर्यंत पोचतात. प्रयोगशाळेत हे अनेकदा दाखवलं गेलं आहे, आणि एंडोटॉक्सिन जंतूच्या आधी पोचतं हेही.

खानदेशात या झिरपण्याला हंगाम आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीची दाढ उघडली जाते, औषध घालून वर कच्चा मसाला भरला जातो, आणि ती सासरी जाते. कपाशीची वेचणी लागली की दिवाळीच्या आसपास ठरलेली तारीख पुढे ढकलली जाते. रावेर-यावलकडे केळीची कापणी सुरू झाली की माणूस ट्रकमागे असतो. धडगाव-अक्कलकुव्याहून नंदुरबारला यायचं तर एक दिवसाची मजुरी जाते. दुखणं थांबलेलं असतं, म्हणून घाई कुणालाच नसते. कच्चा मसाला साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचा असेल तर काही आठवडे धरतो. आतला कापूस जास्त कोंबला आणि वर दोन मिलिमीटरच उरले, तर तो आठवडाभरातच कडेने गळायला लागतो. रुग्ण लवकर परतणार नाही असं वाटलं, तर कॅव्हिटसारख्या मऊ मसाल्यावर थांबू नये, वरून ग्लास आयनोमर या कडक सिमेंटचा थर द्यावा. काम संपल्यावर कॅप लांबणार असेल तरी कॅनालची तोंडं बाँड केलेल्या कंपोझिटने त्याच दिवशी बंद करावीत. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावाचून बाकीचं सगळं फुकट जातं.

तीन-चार महिने उघडा राहिलेला भरलेला कॅनाल एक्स-रेत कितीही देखणा दिसला तरी दूषितच धरावा. थेट वर कॅप बसवू नये.

पुन्हा करायचं ठरलं, तर रबर डॅमशिवाय, म्हणजे दाताभोवती ताणायच्या रबरी पडद्याशिवाय, सुरुवातच करू नये. लाळेचा एक थेंबही नव्या जंतूंसकट येतो. हिरडीवर पुळी असेल तर तिच्या तोंडातून पंचवीस नंबरचा गुटा-पर्चा पॉइंट हलकेच सरकवून एक्स-रे काढावा. कोणत्या मुळाचा पू बाहेर पडतोय ते दिसतं, आणि कधी कधी दोषी दात शेजारचाच निघतो.

जुना गुटा-पर्चा काढताना पहिला धोका असतो. वरचा भाग गरम टोकाने किंवा री-ट्रीटमेंटच्या रोटरी फाइलने काढावा, मधला हेडस्ट्रॉम फाइलने ओढून घ्यावा, आणि शेवटच्या तीन-चार मिलिमीटरांत घाई करू नये. जुना भराव, मेलेले जंतू आणि त्यांचं विष असं सगळं मिश्रण तिथे जमलेलं असतं. फाइल ढकलत नेली की ते टोकाबाहेर जातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण गाल सुजवून दारात उभा. वरून खाली टप्प्याटप्प्याने साफ करत यावं, प्रत्येक फाइलनंतर धुवावं. झायलीनसारखं विद्रावक शेवटच्या भागात कमीत कमी वापरावं. त्याने गुटा-पर्चाचा चिकट लेप होऊन भिंतीवर पसरतो, नळ्यांची तोंडं बुजतात, आणि पुढचं औषध आत जातच नाही.

लांबी एपेक्स लोकेटर या मुळाचं टोक ओळखणाऱ्या यंत्राने घेऊन टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबावं. कॅनाल किती रुंद करायचा हे धुण्याच्या सुईवरून ठरतं. तीस गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास साधारण 0.3 मिलिमीटर असतो. कॅनाल टोकाशी वीस-पंचवीस नंबरलाच, म्हणजे 0.20-0.25 मिलिमीटरलाच, थांबवला तर सुई वरच अडते आणि शेवटचा भाग कोरडा राहतो. पस्तीसच्या आसपास नेता आला तर न्यावा, वाकड्या मुळात मात्र हट्ट नको. सुई बाजूला भोक असलेली हवी, टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडे, सतत वर-खाली हलती. ती भिंतीत अडकली आणि जोर लावला, तर धुण्याचं द्रावण, म्हणजे हायपो, हाडात जातं, आणि मग किंकाळी, सूज, काळानिळा गाल असा सगळा प्रकार होतो.

हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारतं आणि सडका मांसल भाग विरघळवतं. तीन टक्के ते सव्वापाच टक्के, प्रत्येक कॅनालमध्ये एकूण दहा-वीस मिलिलिटर तरी ताजं, आणि सगळं धरून अर्धा तास. क्लोरीन सेंद्रिय मळाशी भिडून संपतं, म्हणून तेच पाणी आत साठवून ठेवण्यात अर्थ नाही, पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. इथे आपल्या उन्हाळ्याची एक गोष्ट. भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला जातो, वीज गेली की बंद दवाखान्याची खोली तापते. हायपोचं विघटन दर दहा अंशांना दुप्पट-तिप्पट वेगाने होतं, उजेडात आणखी लवकर. खिडकीशी ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतलं मे महिन्यातलं पाच टक्के हायपो प्रत्यक्षात किती टक्के आहे, याचा भरवसा देता येत नाही. गडद बाटली, घट्ट झाकण, फ्रीज, लहान पॅक, तारीख पाहून. वापरण्याआधी ते खोलीच्या तापमानाला आणावं, गार हायपो मंद काम करतं.

हायपोनंतर सतरा टक्के ईडीटीए एक मिनिट. त्याने भिंतीवरचा पातळ लेप निघतो, नळ्यांची तोंडं उघडतात. जास्त वेळ ठेवलं तर भिंतच झिजते. ईडीटीए आणि हायपो एकत्र मिसळू नयेत, क्लोरीन तिथेच संपतं. अल्ट्रासोनिक टोक असेल तर वीस-वीस सेकंदांच्या तीन फेऱ्या द्याव्यात, फाट्यांमधला मळ त्याने हलतो. शेवटी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरायचं असेल तर मध्ये सलाइनने भरपूर धुवावं. हायपो आणि क्लोरहेक्सिडिन भेटले की विटकरी गाळ तयार होतो आणि तो नळ्या बुजवतो.

एवढं करूनही विष शून्य होत नाही. हायपोने आणि फाइलिंगने ते बरंच धुऊन निघतं, पण एलपीएसचा रेणू हायपोला फारसा दाद देत नाही. क्लोरहेक्सिडिन फिकॅलिसवर चांगलं चालतं, एंडोटॉक्सिनवर जवळजवळ नाही. विष मोडतं ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पीएच साडेबाराच्या आसपासचं हे पांढरं पीठ एलपीएसमधल्या लिपिड-ए या विषारी भागाची स्निग्धाम्लं तोडून टाकतं, आणि एलटीएचंही तेच करतं. गंमत अशी, की ज्याचं विष ते मोडतं तो फिकॅलिस त्यातूनही वाचू शकतो. पेशीत आम्ल ओढून घेणारा पंप त्याच्याकडे असतो, त्याच्या जोरावर तो साधारण पीएच 11 पर्यंत टिकतो, आणि दाताचं खनिज औषधाची धार बोथट करत असल्याने नळ्यांत पीएच तेवढा चढतच नाही. एक औषध मारतं पण विष तसंच ठेवतं, दुसरं विष मोडतं पण मारण्यात कमी पडतं. पुन्हा दूषित झालेल्या, टोकाशी सावली असलेल्या दाताचं काम एका बैठकीत उरकण्याबद्दल म्हणूनच आमचं मत प्रतिकूल आहे. त्यावर तज्ज्ञांत दुमत आहे हे मान्य. पण सलाइनमध्ये कालवलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड लेंट्युलो या फिरत्या तारेने टोकापर्यंत पोचवून किमान एक आठवडा, शक्यतो दोन, ठेवण्याचा तोटा एक जास्तीची फेरी एवढाच. महिनोन्महिने मात्र ठेवू नये, मुळाची भिंत ठिसूळ होण्याचा संभव असतो. काढताना ईडीटीए आणि शेवटची फाइल फिरवून पूर्ण काढावं, कण राहिले तर सीलर भिंतीला धरत नाही.

या सगळ्यात अँटिबायोटिकची जागा अगदी छोटी आहे, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच गर्दी. मेडिकलवरून तीन दिवसांच्या गोळ्या आणून दाढ 'दाबून टाकणं' हा सर्रास प्रकार. कॅनालमध्ये रक्त पोचत नाही, तिथे गोळी कशी पोचणार? गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून केलेली फवारणी तिला लागत नाही, तसंच हे. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जंतूची भिंत फोडतात, त्यातून विषाचे तुकडे मोकळे होतात, ही आणखी एक बाजू. ताप आहे, सूज गालावर किंवा जबड्याखाली पसरते आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतो, तर अँटिबायोटिक द्यावंच, आणि गिळता येत नसेल तर थेट रुग्णालय गाठावं. नुसतं चावताना दुखणं किंवा पुळी यासाठी नाही. काम केल्यावर दोन दिवस जड वाटणं साहजिक आहे. त्याला इबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल पुरतं, किडनीचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास असलेल्याने इबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. दाढ वरच्या दाताला आधी भिडत असेल तर ती किंचित घासून खाली घ्यावी, बरंचसं दुखणं तिथेच जाऊ शकतं.

साखर ताब्यात नसलेल्या माणसाची सूज उशिरा उतरते, हाड उशिरा भरतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचंही तसंच. उपचाराआधी एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर, विचारावा, नसेल तर करवून घ्यावा.

हाड भरून यायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच कोनातून एक्स-रे काढून शेजारी शेजारी ठेवावेत. सावली लहान होत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही. तेवढीच राहिली किंवा वाढली, तर कारण मुळाबाहेर गेलेलं असू शकतं. कधी टोकाशी वेगळी पिशवी, म्हणजे सिस्ट, झालेली असते, कधी टोकाबाहेर गेलेल्या गुटा-पर्चाभोवती शरीर कुढत बसतं, कधी ॲक्टिनोमायसिसने हाडातच ठाण मांडलेलं असतं. तिसऱ्यांदा कॅनाल उघडून त्यातलं काही हाताला लागत नाही. मग हिरडी उचलून टोकाचे तीन मिलिमीटर कापायचे, उरलेल्या मुळाच्या तोंडात अल्ट्रासोनिक टोकाने तीन मिलिमीटर खोल खड्डा करून तो एमटीए या सिमेंटने बंद करायचा, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा. मूळ उभं चिरलेलं असेल, म्हणजे एकाच जागी हिरडीत प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, अचानक खोल जात असेल, तर यातलं काही करू नये, दात काढावा.